पंढरपूरचं दार, मे १९४७

मागच्या वर्षी कार्तिकीची गर्दी ओसरल्यावर आईला घेऊन पंढरपूरला गेलो होतो. पदस्पर्श दर्शनाची लाइन, साडेपाच तास. जे उभे राहिलेत त्यांना माहितीय, दोन-तीन तास झाले की त्या लाइनीतली माणसं एकमेकांची होऊन जातात, पुढच्या मावशींनी शेंगदाण्याचे लाडू काढून सगळ्यांच्या हातावर ठेवले, मागचे काका त्यांच्याकडे सोयाबीन कसं भिजलं ते सांगत होते, एका बाईचं पोरगं तर भलत्याच माणसाच्या खांद्यावर झोपून गेलं. साडेपाच तासांत एकानेही दुसऱ्याला आडनाव विचारलं नाही. बाहेर आल्यावर आई बुक्का पुसत म्हणाली, "बघ, इथं कसं सगळे सारखे, विठोबाच्या दारात कधीच भेदभाव नव्हता."

मी तेव्हा गप्प बसलो. पण ते "कधीच नव्हता" डोक्यातून जाईना, कारण ते खरं नाहीये. १९४७ सालापर्यंत या मंदिरात दलितांना प्रवेश नव्हता, आणि तो मिळावा म्हणून एका माणसाने याच गावात भर उन्हाळ्यात दहा दिवस अन्न सोडलं होतं. लाइनीत आपण जे सहज अनुभवतो ते सहज आलेलं नाही. साने गुरुजींच्या त्या उपोषणाबद्दल शाळेत एक ओळ असते, "पंढरपूरचे मंदिर खुले केले", संपलं. मला त्या एका ओळीत बसत नाही ते सगळं लिहायचंय, कारण सहिष्णुता, चारित्र्य, देशाची मूल्यं हे जे शब्द आपण २६ जानेवारीला वापरतो ते प्रत्यक्षात कसे दिसतात हे समजायला याच्याइतकं चांगलं प्रकरण मला तरी माहीत नाही.

आधी जागा नीट डोळ्यासमोर आणा. मंदिराचं महाद्वार, त्याची नामदेव पायरी, आणि तिच्या समोरच चोखोबांची समाधी. चोखोबा म्हणजे संत चोखामेळा, महार जातीतले, मंगळवेढ्याचे, १३३८ साली तिथल्या गावकुसाचं काम चालू असताना ते कोसळून त्याखाली गेले, आणि नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारासमोर समाधी बांधली असं परंपरा सांगते. म्हणजे ज्याचे अभंग आत गायले जातात त्याची जागा बाहेर. १३३८ ते १९४७, सहाशे नऊ वर्षं. या सहाशे नऊ वर्षांत चोखोबांच्या जातीची माणसं वारी करायची, चंद्रभागेत आंघोळ करायची, आणि या समाधीपाशी डोकं टेकून परत फिरायची. त्यांना गावात उतरायलाही जागा मिळायची नाही, म्हणून गाडगेबाबांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि पुढे ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. आपण म्हणतो ना आपला समाज फार सहिष्णू, तर सहन नक्की कोणी केलं ते या पायरीपाशी उभं राहिलं की कळतं.

आता माणूस. पांडुरंग सदाशिव साने, नावानेच पांडुरंग. जन्म २४ डिसेंबर १८९९, पालगड, रत्नागिरी जिल्हा, ब्राह्मण घर. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये मास्तर होते, १९३० ला नोकरी सोडली आणि स्वातंत्र्याच्या चळवळीत पडले, मग तुरुंगवाऱ्या. हळवा माणूस, भरल्या डोळ्यांचा माणूस अशीच त्यांची ओळख आहे आणि बरेच लोक त्यावरून त्यांना कमी लेखतात. मला उलट वाटतं. या प्रकरणात जो चिवटपणा दिसतो तो त्या हळवेपणातूनच आलाय, दुसऱ्याचं दुखणं ज्याला अंगाला लागतं तोच एवढा वेळ टिकतो.

१९४६ च्या शेवटी गुरुजींनी ठरवलं की पंढरपूरचं मंदिर सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून उपोषण करायचं. पंढरपूरच का, तर मराठी माणसाचं काळीज तिथं आहे. तोपर्यंत महाराष्ट्रात मंदिरप्रवेशाचे बरेच प्रयत्न होऊन गेले होते, अमरावतीचं अंबादेवी, पुण्याची पर्वती, नाशिकचं काळाराम, आणि त्रावणकोरच्या महाराजांनी तर १९३६ लाच जाहीरनामा काढून त्यांच्या राज्यातली मंदिरं खुली केली होती. म्हणजे केरळच्या बाजूला एक संस्थानिक दहा वर्षं आधी जे करून बसला ते ज्ञानोबा-तुकोबांच्या महाराष्ट्रात पंढरपूरला होत नव्हतं. याची लाज वाटणारा माणूस हवा होता.

इथं सेनापती बापटांनी मध्ये पडून गुरुजींना सांगितलं की थांबा, आधी सहा महिने महाराष्ट्र फिरा, लोकांशी बोला, मग बघू. आणि गुरुजींनी ऐकलं. माझ्या मते सगळ्या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हा आहे आणि त्याबद्दल कोणीच बोलत नाही. उपोषण लगेच सुरू केलं असतं तर ती एका संतापलेल्या माणसाची धमकी झाली असती. त्याऐवजी गुरुजी आणि राष्ट्र सेवा दलाची पोरं-पोरी गावोगाव फिरली, सभा, गाणी, कलापथकं, आणि प्रत्येक गावात एकच विनंती, तुमच्या गावची विहीर उघडा, तुमच्या गावचं देऊळ उघडा. बऱ्याच गावांनी उघडलं. पंढरपूरच्या दारावर पोचायच्या आधी आजूबाजूच्या लहान लहान दारांवर थाप मारून झाली होती. ज्यांना बदलायचंय त्यांना आधी विचारायचं, वेळ द्यायचा, त्यांच्या गावात जाऊन त्यांच्यासमोर बोलायचं, शिव्याही खायच्या. हे फार दमवणारं काम आहे हो. आपण एखादा मेसेज फॉरवर्ड करून समाज बदलला म्हणून झोपतो, तेव्हा हे सहा महिने आठवले पाहिजेत.

मग तारखा बघा. २९ एप्रिल १९४७ ला दिल्लीत संविधान सभेत मूलभूत हक्कांवर चर्चा चालू होती, वल्लभभाई पटेलांनी मांडलेलं एक कलम त्या दिवशी मंजूर झालं, अस्पृश्यता कोणत्याही स्वरूपात असो, ती रद्द. पुढे हेच संविधानाचं कलम १७ झालं. आणि दोनच दिवसांनी, १ मे ला, पंढरपूरला गुरुजींचं उपोषण सुरू झालं. मला ही दोन दिवसांची जवळीक कळली तेव्हा बराच वेळ तिथंच अडकलो. दिल्लीत हात वर झाले आणि देशापुरता प्रश्न मिटला, पंढरपुरात दार तसंच बंद. तेव्हा १५ ऑगस्ट ही तारीखही कोणाला माहीत नव्हती, इंग्रज जून १९४८ च्या आत जाणार एवढंच ठरलेलं, ऑगस्टची तारीख जूनमध्ये जाहीर झाली. म्हणजे नवा देश अजून जन्मायचा होता आणि हा माणूस म्हणत होता की त्याच्या आधी आपण आपलं घर झाडून घेऊ.

उपोषणाला जागा मिळायचीच पंचाईत होती. शेवटी तनपुरे महाराजांनी आपला मठ दिला. त्या काळात, त्या गावात, मंदिराच्या जवळ राहून हे करणं म्हणजे काय याची कल्पना करा, उद्या सगळं गाव आपल्यावर उलटू शकतं हे माहीत असताना दार उघडून दिलं. गुरुजींचं नाव सगळ्यांना माहितीय, तनपुरे महाराजांचं किती जणांना असेल? एका माणसाच्या चारित्र्याला टेकू द्यायला दुसऱ्या कोणाचं तरी अंगण लागतं. गावात सनातनी मंडळींनी विरोधात घोषणा दिल्या, "जाव साने भीमापार, नहीं खुलेगा विठ्ठलद्वार" ही घोषणा अजून सांगितली जाते.

समोरची बाजूही न्यायाने मांडायला हवी. बडवे म्हणजे मंदिराचे पिढीजात पुजारी आणि हक्कदार. त्यांच्यासाठी हा नुसता धर्माचा प्रश्न नव्हता, पिढ्यान्‌पिढ्यांचे हक्क होते, उत्पन्न होतं, वाड्यातली माणसं त्यावर जगत होती, आणि आपण परंपरा मोडली तर बाकीचे काय म्हणतील ही भीती होती. त्यांना सरसकट दुष्ट ठरवलं की प्रकरण सोपं होतं पण समजत नाही. बहुतेक अन्याय दुष्ट माणसं करत नाहीत, आपल्या बापजाद्यांचं चालवतोय असं मनापासून वाटणारी साधी माणसं करतात, आणि म्हणूनच तो सहाशे वर्षं टिकतो.

आता उपोषण. याच्यावर खरा आक्षेप असा आहे की उपोषण ही सुद्धा जबरदस्तीच की. मी मरतो नाहीतर तू ऐक. आणि हा आक्षेप कोणी ऐऱ्यागैऱ्याने नाही, खुद्द गांधीजींनी घेतल्यासारखं झालं, त्यांनी तार करून गुरुजींना उपोषण थांबवायला सांगितलं. विचार करा, ज्याला आयुष्यभर बापासारखं मानलं, ज्याच्या शब्दावर नोकरी सोडली, तुरुंग भोगला, त्याची तार आलीय की थांब. गुरुजी थांबले नाहीत. त्यांनी नम्रपणे नकार कळवला आणि उपोषण चालू ठेवलं. त्यांना किती यातना झाल्या असतील ते मी सांगू शकत नाही, पण राष्ट्रीय मूल्य वगैरे म्हणतात ते मला इथं दिसतं. विरोधकाला नाही म्हणणं सोपं असतं, आपल्या माणसाला, त्यातही आपल्या सगळ्यात मोठ्या माणसाला, प्रेम तसूभर कमी न करता नाही म्हणणं, हे आजच्या आपल्या सगळ्या पक्षांत, सगळ्या झेंड्यांखाली जवळजवळ संपलंय. आपण नेत्याशी असहमत झालो की एकतर गद्दार ठरतो नाहीतर रागाने समोरच्या गटात जाऊन बसतो.

जबरदस्तीच्या मुद्द्यावर मी बराच विचार केला. माझं मत असं झालंय की फरक त्या सहा महिन्यांत आहे. आधी विचारलं, समजावलं, वेळ दिला, आणि शेवटी जो त्रास व्हायचा तो स्वतःच्या शरीरावर घेतला, बडव्यांच्या वाड्यावर दगड नाही, कुलूप फोडणं नाही, त्यांच्याबद्दल वाईट बोलणं नाही. तरी दबाव होता, हे मान्य करायला हवं. मनाची टोचणी लावणं हाही दबावच. पण ज्यांच्यावर सहाशे वर्षं दबाव होता त्यांच्या बाजूने कोणीतरी दहा दिवस टोचणी लावली, यात मला तरी अन्याय दिसत नाही.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे आणि तो टाळून हे प्रकरण पूर्ण होत नाही. बाबासाहेबांनी काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू केला आणि तो वर्षानुवर्षं चालला, लोकांनी दगड खाल्ले, तुरुंग भोगला, दार उघडलं नाही. त्यातून बाबासाहेब या निष्कर्षाला आले की देवळासाठी आता शक्ती घालवू नका, शिक्षण घ्या, राजकीय हक्क मिळवा, आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याला त्यांनी सांगून टाकलं की हिंदू म्हणून जन्मलो पण हिंदू म्हणून मरणार नाही. म्हणजे १९४७ मध्ये गुरुजी जे दार उघडायला निघाले होते, त्या दारासमोरून ज्यांना आत जायचं होतं त्यातले कितीतरी जण निघून गेले होते. कोणाची परवानगी मागत उभं राहण्यापेक्षा पाठ फिरवणं जास्त मानाचं होतं. मग गुरुजींचं उपोषण कोणासाठी?

माझ्या समजुतीप्रमाणे ते मुख्यतः सवर्णांसाठी होतं. देवळात जायला न मिळाल्याने दलितांचं जे अडलं होतं त्यापेक्षा अडवणाऱ्यांचं जास्त बिघडलं होतं, आणि ते दुरुस्त करण्याचं काम अडवणाऱ्यांच्याच घरात जन्मलेल्या माणसाने करायचं होतं. बाबासाहेबांनी त्यांच्या लोकांना स्वाभिमान सांगितला ते त्यांचं काम, गुरुजींनी आपल्या लोकांना लाज वाटायला लावली ते त्यांचं. ही दोन कामं एकमेकांच्या विरुद्ध नाहीत असं मला वाटतं, पण दुसऱ्या कामाला पहिल्यापेक्षा मोठं म्हणणं चूक आहे, आणि आपल्या पाठ्यपुस्तकी कौतुकात ते नकळत होतं, आत घेणाऱ्याचं कौतुक होतं, बाहेर ठेवलेल्याचं काय झालं ते राहून जातं.

शेवटचे दिवस. ग. वा. मावळंकर, तेव्हा दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळाचे अध्यक्ष, पुढे लोकसभेचे पहिले सभापती, ते मध्यस्थीला पंढरपूरला आले. बोलणी झाली, बडव्यांनी मंदिर खुलं करायला मान्यता दिली, १० मे ला उपोषण सुटलं. त्याच वर्षी मुंबई प्रांताचा हरिजन मंदिरप्रवेश कायदाही आला, त्यामुळे कोणी म्हणेल की कायदा येणारच होता, उपोषणाची काय गरज. पण कायद्याने उघडलेलं दार आणि मान्यता देऊन उघडलेलं दार यात फरक आहे. पहिल्यात उद्या पोलीस गेले की परत कडी लागते.

अर्थात मान्यता म्हणजे मन बदललं असंही नाही. पंढरपुरात एक हकिकत सांगितली जाते की मंदिर खुलं व्हायच्या आधी काही मंडळींनी विठ्ठलाचं तेज मंत्र म्हणून पाण्याच्या घागरीत काढून घेतलं, आणि मग पुढे घरात त्या घागरीची पूजा चालू राहिली. म्हणजे या आता तुम्ही आत, मूर्ती बघा, देव आम्ही आधीच घरी नेलाय. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा राग आला. नंतर हळूहळू लक्षात आलं की आपल्याकडे ही घागर घरोघरी आहे. कलम १७ मान्य आहे, पण मुलीच्या लग्नाचं स्थळ बघताना घागर निघते. ऑफिसात एका टेबलावर डबा खातो, पण फ्लॅट भाड्याने द्यायची वेळ आली की "तसं काही नाही हो, फक्त सोसायटीचे लोक..." म्हणत घागर निघते, आणि ती जातीपुरती राहत नाही, धर्म, मांसाहार, कुठल्या राज्यातला आहे, सगळं त्यात मावतं. गुरुजी पुढे आंतरभारतीची कल्पना घेऊन बसले होते, एका प्रांताच्या माणसाने दुसऱ्या प्रांताची भाषा शिकावी, एकमेकांच्या घरी राहावं, ते मला याच कामाचा पुढचा भाग वाटतं. देऊळ उघडून झालं, आता घर.

बडव्यांच्या हक्काचं प्रकरण त्यानंतरही चालूच राहिलं. १९७३ ला पंढरपूर मंदिर कायदा झाला, त्यावर कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि सुप्रीम कोर्टाचा अंतिम निकाल लागला २०१४ च्या जानेवारीत. त्यानंतर मंदिर समितीने सगळ्या जातींतून आणि बायकांमधूनही पुजारी नेमायला घेतले. लाइनीत उभं राहण्यापासून गाभाऱ्यात पूजा करण्यापर्यंत यायला स्वतंत्र देशाला सदुसष्ट वर्षं लागली.

आणि गुरुजी? ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींचा खून झाला, मारणारा मराठी होता, म्हणून गुरुजींनी एकवीस दिवस उपवास केला. ज्याची तार नाकारली होती त्याच्यासाठी. ११ जून १९५० ला त्यांनी स्वतःच आपलं आयुष्य संपवलं. मी याचा अर्थ लावायला जात नाही. एवढंच वाटतं की सगळ्यांची दारं उघडत फिरणाऱ्या या माणसाच्या दाराशी त्या दिवसांत कोणीतरी जाऊन बसायला हवं होतं.

पंढरपूरहून परत येताना एसटीत मी आईला हे सगळं सांगितलं, आत्ता लिहिलंय तेवढं नीट नाही, तुकड्या-तुकड्यात, मध्ये मोहोळला चहा झाला. ती ऐकत होती, मध्येच "हो का" म्हणत होती. मला भांडायचं नव्हतं, म्हणून मी शेवटी फक्त विचारलं, आजोळी मागच्या दाराशी वळचणीला एक कपबशी ठेवलेली असायची, कान तुटलेली, ती कोणासाठी होती गं? आई खिडकीबाहेर बघत राहिली, बराच वेळ. मग म्हणाली, "सरपण फोडायला यायचे ना ते, त्यांची. त्यांना चहा देऊन झाला की मी धुवून ठेवायचे."

थोडं अंतर गेल्यावर परत माझ्याकडे वळून म्हणाली, "नाही रे. मी नाही धुवायचे. ते स्वतःच धुवून पालथी घालून जायचे."

मग सोलापूर येईपर्यंत आम्ही दोघंही काही बोललो नाही.